कच्च्या मडक्यांची परीक्षा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आळीत मातीची चोरी सुरू होते. कुणाच्या परसातली, कुणाच्या घराच्या बांधकामावरची, कुणी थेट ओढ्याकाठावरून आणलेली माती घमेल्याघमेल्याने अंगणात येऊन पडते. विटांचे तुकडे, दगड, फाटकी गोणपाटे यांची जमवाजमव होते. पहिल्या दिवशी जिथे नुसता ढिगारा असतो तिथे आठवड्याच्या आत एक किल्ला उभा राहतो. त्याच्या उतारावर हळीव उगवून हिरवेगार होते, बुरुजांवर बाजारातून आणलेले मावळे पहाऱ्याला उभे राहतात आणि माथ्यावर महाराज सिंहासनावर विराजमान होतात. या किल्ल्यांत मावळा बहुधा गडाच्या दरवाजाहून दुप्पट उंच असतो. शत्रू कधीकाळी आलाच तर मावळ्याला गडाबाहेर पडताच यावयाचे नाही. परंतु किल्ला बांधणाऱ्याला त्याची खंत नसते, आणि तो पाहण्यास येणाऱ्या आजोबांनाही नसते.

दिवाळी अंकांतून आपण कादंबऱ्यांची, नाटकांची, कवितांची परीक्षणे वाचतो. पण महाराष्ट्रात घरोघर, अंगणोअंगणी जी एवढी मातीची निर्मिती या दिवसांत होते तिच्याविषयी कुणी टीकाकाराने चार शब्द लिहिल्याचे मला आठवत नाही. तिला आपण खेळ म्हणतो आणि पुढे जातो. आणि हीच निर्मिती शाळेत 'हस्तकला' किंवा 'कार्यानुभव' या नावाने होऊ लागली म्हणजे मग मात्र आपण तिला गुण देतो, क्रमांक देतो, प्रदर्शनात मांडतो. म्हणजे परीक्षा आपण करतोच. रसग्रहण तेवढे करीत नाही. मी शाळेत लहान मुलांना मातीकाम शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. या दोन्ही धंद्यांत परीक्षकांशी माझा संबंध येतो. म्हणून या परीक्षेविषयी काही बोलावेसे वाटते. त्यात माझ्याकडून झालेल्या एका अपराधाची कबुलीही यावयाची आहे.

प्रथम शाळेतल्या हस्तकलेचे प्रदर्शन म्हणजे काय ते पाहू. एका लांब वर्गात बाके जोडून त्यांवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात. त्यांवर आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, कागदी फुलांच्या कुंड्या, काचेच्या बांगड्यांची तोरणे, रंगीत लोकरीचे गोंडे. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी येईपर्यंत थर्मोकोलचे ताजमहालही हमखास असत. आता त्यांची जागा पुठ्ठ्याने घेतली आहे, ताजमहाल मात्र तोच आहे. एका टोकाला मातीकाम. तिथे फळांची टोपली, शिवलिंग, तुळशीवृंदावन, चूल आणि बैल. सर्व वस्तू गुळगुळीत, सर्व रंगवलेल्या, सर्वांवर वॉर्निशचा हात. पाहुणे येतात, 'वा, मुलांनी किती सुबक केले आहे' असे म्हणतात आणि शेरेबुकात सही करून चहाला जातात.

त्या पाहुण्यांना एकच प्रश्न विचारावा असे मला नेहमी वाटते. चाळीस मुलांचा वर्ग. त्यांची अक्षरे चाळीस तऱ्हांची, चालणे चाळीस तऱ्हांचे, खोटे बोलण्याच्यासुद्धा चाळीस तऱ्हा. मग त्यांची तुळशीवृंदावने एकाच तऱ्हेची कशी झाली? उत्तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. निम्मी घरी आईने केली, काही बाजारातून आली आणि उरलेली बाईंनी 'जरा नीट' करून दिली. चाळीस वेगळ्या लेखकांच्या नावांवर एकाच लेखकाची चाळीस पुस्तके छापून आली तर साहित्यात केवढा गहजब होईल! हस्तकलेत त्याला आपण उत्तम निकाल म्हणतो.

मीही कित्येक वर्षे असेच उत्तम निकाल लावीत होते. आषाढात आमच्याकडे बेंदूर असतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी तिसरीच्या वर्गाकडून मातीचे बैल करून घेत असे. एका वर्षी एका मुलाने जो बैल केला तो पाहून मला हसूच आले. पाय आखूड, मुळाएवढे जाड. डोळे नाहीत. शेपूट पाठीला चिकटून गेलेली. आणि मानेच्या वर, वशिंडाच्या पुढे, बैलाच्या डोक्याएवढाच मातीचा एक गोळा. डोके त्या भाराने खाली गेलेले. मुलगा वर्गात मागे बसणारा, गणितात कच्चा, फारसा न बोलणारा. तालुक्याचे प्रदर्शन जवळ आले होते. मी तो बैल घेतला, ओल्या बोटाने पाठ सारखी केली, तो गोळा काढून टाकला, त्याच मातीची दोन डौलदार शिंगे केली, मान वर उचलली, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी बसवले. वाळल्यावर पांढरा रंग दिला, पाठीवर तांबडी झूल रंगवली. बैल देखणा झाला. त्याला दुसरे बक्षीस मिळाले. प्रमाणपत्रावर त्या मुलाचे नाव होते.

प्रदर्शन संपल्यावर सर्वांनी आपापल्या वस्तू घरी नेल्या. हा बैल कपाटावरच राहिला. मी त्याला म्हटले, "अरे, तुझा बैल ने की घरी." तो काही बोलेना. पुन्हा विचारले तेव्हा खाली पाहत म्हणाला, "बाई, ह्यो आमचा न्हाई. आमच्या बैलाचा खांदा सुजलाय."

ज्यांनी शेतातला बैल जवळून पाहिला आहे त्यांना खांदेसूज म्हणजे काय ते सांगावयास नको. जोखड घासून घासून बैलाच्या मानेवर जी गाठ येते ती. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. त्या दिवशी बैलाला औताला जुंपत नाहीत, त्याच्या खांद्याला हळद आणि तेलतूप चोळतात. त्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात सगळ्यांचे लक्ष त्या एका गाठीवर होते. बैल औताला चालेल की नाही, पेरलेल्या रानात कोळपण होईल की नाही, हे त्या गाठीवर ठरणार होते. त्या घरच्या आठ वर्षांच्या मुलाने बैल केला तर त्यात डोळे आणि शेपूट महत्त्वाची कशी असणार? त्याने गाठ केली आणि ती वाहण्यापुरता तिच्याखाली बैल केला. आणि मी, जी कादंबरीत 'अनावश्यक तपशील नको, मर्मावर बोट ठेवा' असे नवोदितांना सांगत फिरते, तिने नेमके ते मर्मच नखाने काढून टाकले.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती विसरले असते. दुसऱ्या वर्षी बेंदराला मी त्याला म्हटले, "या वेळी तुला हवा तसा बैल कर, मी हात लावणार नाही." त्याने मुकाट्याने माती घेतली आणि तासाभरात बैल केला. उंच मान, दोन डौलदार शिंगे, डोळ्यांना मणी हवेत म्हणून मागायलाही आला. तो अगदी माझा बैल होता. मुलगा हुशार होता. शाळेत बैल कसा असावा लागतो ते तो एकदाच चूक करून शिकला होता.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले. व्हिएन्नात शिकवलेल्या आणि १९३८ नंतर अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाचे १९४७ सालचे मुलांच्या निर्मितीविषयीचे पुस्तक प्रसिद्ध आहे. मुले माती दोन रीतींनी हाताळतात असे त्याने नोंदवले आहे. काही मुले एक अखंड गोळा घेतात आणि त्यातून चिमटीने पाय, मान, कान ओढून बाहेर काढतात. काही मुले डोके वेगळे, धड वेगळे, पाय वेगळे करतात आणि मग ते जोडतात. पहिल्या मुलाच्या मनात संपूर्ण वस्तूचे चित्र आधी असते. दुसऱ्याच्या मनात एकेक भाग अनुभवाने गोळा होतो आणि त्यांतून वस्तू उभी राहते. दोन्ही रीती स्वाभाविक आहेत, आणि एकीतल्या मुलाला ओढून दुसरीत घालणे म्हणजे त्याचा विचारच मोडणे होय. मला हे वाचताना आमचे कादंबरीकार आठवले. काहींना सगळी कादंबरी एकदम दिसते. काही एकेक पात्र जुळवीत जातात. अमुकच रीत खरी, असे म्हणणाऱ्या टीकाकाराला आपण हसतो. पण वर्गात आपण सगळ्यांना फळ्यावर काढून दाखवतो: आधी धड करा, मग चार पाय, मग मान.

लोवेनफेल्डने दुसरीही एक गोष्ट सांगितली आहे. मूल ज्या अवयवाला महत्त्व देते तो मोठा करते. जो त्याच्या लेखी त्या वेळी नसतो तो गाळून टाकते. आपण ज्याला प्रमाण चुकणे म्हणतो ते पुष्कळदा मुलाचे विधान असते. आमच्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजाहून उंच का, याचे उत्तर इथे मिळते. मुलांच्या लेखी गड मावळ्यांमुळे आहे, दरवाजामुळे नव्हे. इतिहासाच्या पुस्तकातले दहा धडे वाचून हे जितके ध्यानात येत नाही तितके त्या किल्ल्याकडे पाहून येते.

आणि ही काही परदेशी विद्वानाने आपल्याला शिकवावी अशी गोष्ट नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातल्या एका घराच्या जमिनीखाली मातीच्या एका पेटीवजा पात्रात एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल सापडला. दोन्ही न भाजलेल्या मातीचे. स्त्रीला मस्तक नाही. बैलाच्या पाठीवर तिला उभे करता येईल अशी योजना आहे. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या कुणा शेतकऱ्याच्या घरी कच्च्या मातीचा हा बैल घडला. त्या मूर्तीला डोके नाही म्हणून संशोधकांनी तिला नवे डोके बसवून दिले नाही. डोके का नसावे, याचा त्यांनी विचार केला, त्यावर लेख लिहिले. पुराणवस्तूंना आपण जो मान देतो त्याचा चौथा हिस्सा तिसरीतल्या मुलाच्या बैलाला दिला असता तर मी त्या दिवशी निदान एवढे तरी विचारले असते: 'बाळ, हे वर काय रे केले आहेस?'

आता कुणी म्हणेल, मग मुलांना शिकवायचे काहीच नाही का? माती द्यावी आणि बाईंनी खुर्चीवर बसून स्वेटर विणावा? हा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे. फ्रीड्रिश फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत आपली बालशाळा काढली तेव्हापासून मातीकाम हे बालशिक्षणात आहे. परंतु ते कसे असावे यावर मोठमोठ्यांचे मतभेद झाले. मारिया मॉन्टेसोरीला नुसते मनाला येईल ते मातीत करण्याचे फारसे अगत्य नव्हते. रोममधल्या रांदोने या कलाशिक्षकाच्या शाळेवरून तिने मुलांकडून लहान भांडी आणि चिमुकल्या विटा करून घेतल्या, त्या विटांच्या भिंती रचून घेतल्या. वस्तू खरी असावी, उपयोगाची असावी, हा तिचा कटाक्ष. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाच विचार फार पुढे नेला. हस्तोद्योग हा शिक्षणाचा एक तास नसून सगळे शिक्षणच त्याच्या भोवती गुंफावे, आणि मुलांच्या हातून होणाऱ्या वस्तूंतून शाळेचा खर्चही निघावा, असे त्यांचे म्हणणे होते. खर्च निघाला पाहिजे म्हटल्यावर वस्तू विकली गेली पाहिजे, आणि विकली जायची तर ती चार जणांच्या पसंतीस उतरली पाहिजे. इथे माझ्यासारखीच्या मनात भीती उभी राहते: सुजलेल्या खांद्याचा बैल कोण विकत घेणार?

पण त्याच सेवाग्रामात चाळीसच्या दशकात शांतिनिकेतनातून आलेले देवीप्रसाद मुलांना चित्रकला शिकवत होते. ते स्वतः पुढे नामवंत कुंभकार झाले. मुलांची कला ही शिक्षणाच्या टोपीवरचा तुरा नसून त्याचा पाया आहे, हे त्यांनी आयुष्यभर लिहून आणि शिकवून मांडले. आणि १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले, ते १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा महागड्या परदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, बांबू, माती अशी भोवतालची साधने मुलांच्या हाती दिली. मुलांच्या अंगणातच शाळा नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच देशभर गेला. म्हणजे उपयोग की आविष्कार, हा तंटा आपल्याकडे नुसता पुस्तकी नव्हता. ज्यांनी प्रत्यक्ष मुलांत आयुष्य घालवले त्यांनी तो हातांनी सोडवण्याचा प्रयत्न केला.

मला तो एका म्हाताऱ्या कुंभाराने सोडवून दिला. त्या बैलाच्या प्रकरणानंतर मी गावातल्या कुंभारआजोबांना वर्गावर बोलावले. ते बसले, मुलांनी केलेल्या वस्तू एकेक करून त्यांच्यापुढे आल्या. मी मनात म्हणत होते, आता हे पण शिंगे नीट करायला लागणार. पण त्यांनी एकाही वस्तूचा आकार बदलला नाही. ते प्रत्येक वस्तू उलटी करीत, पाय जिथे पोटाला जोडला तिथे अंगठ्याने दाबून पाहत आणि म्हणत, "हा पाय सुटणार." किंवा, "ही जाड आन् ही बारीक, वाळताना हितं चिरणार." एका मुलीने हत्ती म्हणून जे काही केले होते ते मला मुळीच ओळखता आले नाही, आजोबांनी ते सगळीकडून दाबून पाहिले आणि, "पक्कं हाय," असे म्हणून मोठ्या मानाने खाली ठेवले.

त्या एका तासात मला शिक्षकाचा आणि टीकाकाराचाही धर्म कळला. मातीचे काही नियम आहेत आणि ते मुलाला शिकवलेच पाहिजेत. त्यात दयामाया उपयोगाची नाही. माती चांगली मळली पाहिजे, तिच्यात हवेचे पोकळ राहता कामा नये. नुसती काळी रानमाती घेतली तर ती वाळताना फार आकसते आणि वस्तूला भेगा पडतात. तळ्याच्या गाळाची माती बरी, आणि कुंभार तिच्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतो ते तिचा चिकटपणा आटोक्यात आणण्यासाठी. ओला पाय सुकत आलेल्या अंगाला नुसता टेकवला तर तो गळून पडणारच, कारण दोन्ही वेगवेगळ्या मापाने आकसतात. दोन्हीकडे काडीने ओरखडे काढावेत, मध्ये मातीचा पातळ चिखल लावावा आणि मग दाबून जोडावे. वस्तू उन्हात ठेवू नये, ओल्या फडक्याखाली हळूहळू वाळू द्यावी. हे सारे कसब आहे. कसब शिकवता येते, तपासता येते, त्याला गुणही देता येतात. पाय गळून पडला तर तो का पडला ते सांगावे. पण पाय जाड का केला, ते सांगावयाचे नसते. ते विचारावयाचे असते.

साहित्यातही मला हाच फरक मानावासा वाटतो. माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित एका संपादकांनी फार मायेने तपासले. वाक्यांच्या चुका काढल्या, पुनरुक्ती दाखवल्या, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. पण शेवटचे प्रकरण त्यांना कोरडे वाटले. सासूच्या मरणानंतर माझी नायिका दळण घेऊन गिरणीवर जाते, एवढेच त्यात होते. त्यांनी तिला रडवले, तुळशीपाशी बसवले, तिच्या तोंडी एक सुंदर परिच्छेद घातला. मी नवखी होते, मान डोलावली. कादंबरी आली तेव्हा त्याच परिच्छेदाची सर्वांत जास्त वाहवा झाली. आजही कुणी तो परिच्छेद मला पाठ म्हणून दाखवतो तेव्हा मी 'छे, छे, काहीतरीच' म्हणते. लोकांना तो माझा विनय वाटतो. आणि खरी लाजेची गोष्ट अशी की दुसऱ्या कादंबरीत मी माझ्या हातानेच तसा परिच्छेद लिहिला. त्या मुलाने दुसऱ्या वर्षी जो बैल केला तो मी चांगलाच ओळखते.

म्हणून अलीकडे शाळांतून मातीचे दिवस पुन्हा येत आहेत याचा आनंद होतो, आणि थोडी धास्तीही वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली शिकावे असे सुचवले आहे. ही सूचना फार चांगली आहे. फक्त ती सहावीपासून का, पहिलीपासून का नाही, असे वाटते. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तींविषयीच्या सुधारित सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसऐवजी नैसर्गिक मातीचा आग्रह धरला आणि शाळाशाळांतून शाडूच्या गणपतीचे वर्ग निघू लागले. तेही चांगलेच. परंतु त्यांतल्या काही वर्गांत मी काय पाहिले? मुलांच्या हाती रबरी साचा, त्यात शाडू दाबायचा, साचा उघडायचा, गणपती तयार. प्लास्टर जाऊन माती आली, पण मुलाची बोटे साच्याच्या बाहेरच राहिली. नदीचा प्रश्न त्याने थोडा सुटला असेल. मुलाचा नाही सुटला. ज्या घरात आजोबा नातवाला जवळ घेऊन ओबडधोबड गणपती करतात, सोंड वाकडी झाली तर 'राहू दे, त्याला तशीच आवडते' म्हणतात, तिथे मातीचे खरे शिक्षण होते.

आई-वडिलांचीही बाजू मला ठाऊक आहे. 'शाळेत काय चिखल खेळायला पाठवतो का?' असे एका पालकांनी मला तोंडावर विचारले होते. त्यांचे पोर घरी धुवायला टाकण्यासारखे कपडे घेऊन आले होते आणि धुणारी त्यांची बायको दिवसभर कामावरून येत होती. त्यांचा राग खोटा नव्हता. मी तेव्हापासून जुने सदरे उलटे घालायला सांगते. पण त्यांच्या प्रश्नात दुसरा एक भाव होता: चिखल म्हणजे कमी प्रतीचे काम. माती ज्यांच्या हाताला आयुष्यभर लागते त्यांच्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणत नाही. आणि म्हणूनच मातीच्या तासाला वर्गाची उतरंड थोडी हलते ते मला मोलाचे वाटते. कुठली माती चिकट, कुठली भुसभुशीत, किती पाणी घातले म्हणजे पुरे, हे मागच्या बाकावरच्या मुलांना ठाऊक असते आणि पहिल्या क्रमांकाचा मुलगा त्यांना ते विचारायला जातो. तासाभरासाठी का होईना, तो जातो.

संत गोरोबाकाकांची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईने त्यांना विचारले की यांतली मडकी कच्ची कोणती आणि भाजलेली कोणती ते सांगा. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले. सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडके कच्चे आहे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नामदेवांचा नेहमी कळवळा येई. आता शिक्षिका म्हणून ती आठवते तेव्हा दुसरेच काही दिसते. कुंभाराचे थापटणे दोन कामे करते. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारून तो नाद ऐकतो, ती परीक्षा. पण ओल्या मडक्याला तो थापटतो तेव्हा त्याचा दुसरा हात आत असतो, दगडाचा गोल गोटा धरून, बाहेरून पडणारा घाव आतून झेलण्यासाठी. तो हात आत नसेल तर घडायचे मडके बसून जाईल. आम्ही शिक्षक, आणि आम्ही टीकाकारही, ओल्या मडक्यांना भाजलेल्याच्या नादाने वाजवून पाहतो, आणि मग म्हणतो, कच्चे आहे. आठ वर्षांचे मडके कच्चे नसेल तर काय असेल? माती सुमारे ६०० अंशांच्या पुढे तापली की तिच्यातले बांधलेले पाणी निघून जाते आणि ती पुन्हा माती होऊ शकत नाही. तोवर तिला पाणी लावून पुन्हा मळता येते. कच्चेपणा हा दोष नव्हे. ती पुन्हा घडण्याची सोय आहे. आणि गोरोबाकाकांनीही नामदेवांना कच्चे म्हटले, पण स्वतः हात घालून पक्के करून दिले नाही. त्यासाठी नामदेव आपल्या पायांनी विसोबा खेचरांकडे गेले, अशीच कथा आहे.

आता माझ्या वर्गात दोन नियम आहेत. बाईंनी मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही. काही दाखवायचे असेल तर आपल्या गोळ्यावर दाखवायचे आणि मुलांच्या देखत तो पुन्हा मोडून गोळा करायचा. आणि प्रदर्शनात वस्तूशेजारी गुणांच्या चिठ्ठीऐवजी, ती वस्तू काय आहे ते मुलाने आपल्या बोलीत सांगितलेले एक वाक्य लिहून ठेवायचे. आमच्या शाळेला त्यानंतर बक्षीस मिळालेले नाही. परीक्षक येतात, आमच्या टेबलापाशी थोडे थांबतात, चिठ्ठ्या वाचतात, कुणी कुणी हसतात, आणि पुढच्या शाळेच्या गुळगुळीत फळांच्या टोपलीला क्रमांक देतात. मुख्याध्यापक मला काही बोलत नाहीत, पण त्यांना वाईट वाटते हे मला दिसते.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मध्ये एकदा बाजारात भेटला. बैल विकले, आता भाड्याचा ट्रॅक्टर लावतो, म्हणाला. मला त्या बैलाविषयी बोलावेसे वाटले, बोलवले नाही. त्यानेच निघताना सांगितले, "बाई, पोरगं दुसरीत हाय. दिवाळीत किल्ला करणार म्हनतंय. तुम्ही या बगायला."

या दिवाळीत मी जाणार आहे. वाचकांच्याही अंगणात किंवा जिन्याखाली आता एखादा किल्ला उभा राहिला असेल. तो पाहायला अवश्य जावे. बुरूज कलला असेल, तोफ राजवाड्यावरच रोखलेली असेल, पायथ्याच्या गावात एखादी प्लास्टिकची मोटार उभी असेल. हात पाठीमागे बांधावेत, खाली वाकावे आणि ज्याने तो बांधला त्याला विचारावे की हे काय केले आहे. उत्तराला थोडा वेळ लागला तर थांबावे. फराळ कुठे पळून जात नाही.